आडात काय आहे?

‘इकडे आड, तिकडे विहीर’ ही म्हण अजून खणखणीत चालते. युती तुटायच्या बेतात आली की बातमीच्या मथळ्यात ती हमखास असते, आणि शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ म्हणून तर असतेच. मात्र त्यातला ‘आड’ म्हणजे काय, असं शहरात वाढलेल्या कुणालाही विचारून पाहा. बहुतेक जण थबकतात आणि मग म्हणतात, अडथळा. माझ्या भाचीनं तर म्हणीचं चित्रच उभं केलं. एकीकडे काहीतरी आडवं आलंय, दुसरीकडे विहीर आहे आणि मधल्या माणसाला हलायला जागा नाही. अर्थ इतका नीट बसत होता की ‘नाही गं, तसं नाही’ म्हणताना मलाच वाईट वाटलं.

आड म्हणजे विहीरच, पण एका विशिष्ट प्रकारची. झाडाआड, आडवाट, आडकाठी यांतला आड निराळा आणि हा निराळा. रूप एक झालं म्हणून कूळ एक होत नाही.

मग म्हणीत दोन्ही शब्द कशाला? दोन्हीकडे पाण्याचाच खड्डा, तर ‘इकडे विहीर, तिकडे विहीर’ का नाही? म्हणीला यमक नको होतं, पण दोन वेगळी संकटं हवी होती. आणि ती वेगळी आहेत हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं, कारण त्यानं दोन्ही पाहिलेली असत.

माझ्या आजोळी, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात, वाड्याच्या मागच्या चौकात आड होता. तोंड अरुंद, गोल. वर लाकडी रहाट, त्यावरून गेलेला काथ्याचा दोर आणि दोराच्या टोकाला कडी असलेला लोखंडी पोहरा. आत उतरायला पायऱ्या नाहीत. दगडी बांधकामात पाय रोवायला ठेवलेल्या खोबणी तेवढ्या होत्या, आणि त्या गाळ काढणाऱ्यासाठी. आजी आडाची खोली परसांत सांगायची. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. मूळ शब्द पुरुष. घरामागच्या परसात परसानं मोजलेला आड, असा तो योगायोग.

पाणी ‘काढायचं’ किंवा ‘भरायचं’ असं तिथं कुणी म्हणत नसे, ‘शेंदायचं’ म्हणत. शेंदणं म्हणजे दोरानं वर ओढून घेणं. उपसणं वेगळं. आड उपसायचा तो वैशाखात, गाळ काढण्यासाठी, सगळं पाणी बाहेर टाकून. शेंदायला एक माणूस पुरतो, उपसायला सगळं घर लागतं आणि तळात उतरणारा एक धाडसी गडी. पोहरा आडात पडणं ही ठरलेली घटना होती. दोर कुजायचा किंवा गाठ सुटायची, खालून ‘धप्’ असा आवाज यायचा आणि मग गळ शोधायला पोरं पळायची. हा गळ मासे पकडायचा नव्हे. लोखंडी आकड्यांचा झुपकाच तो, दोराला बांधून आत सोडायचा आणि अंदाजानं फिरवायचा. सगळ्या आळीत तो एकाच घरी असायचा, त्यामुळे त्या घराशी कुणी कायमचं भांडत नसे. गळाला पोहऱ्याबरोबर कधी जुनी कळशी, कधी कुणाचा तरी हरवलेला तांब्या लागायचा, आणि कधी काळी कुणावर घेतलेला चोरीचा आळ त्या तांब्याबरोबर वर यायचा.

आडाचं तोंड अरुंद का, याचं उत्तर खणणाऱ्याच्या अंगात आहे. तळाशी बसून एका माणसाला कुदळ किंवा पहार चालवता आली, शेजारी टोपली मावली, की घेर पुरे. त्याहून मोठा खणायचा तर तेवढा जास्त दगड फोडायचा आणि तेवढी जास्त माती वर ओढायची. घराला लागणारं पाणी किती? पिण्याचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं, दारच्या गाईचं. त्याला एवढं पुरतं.

शेताला ते पुरत नाही. दख्खनचा आपला काळा पाषाण पाणी सहज सोडत नाही. वरचा मुरूम आणि त्याखालच्या दगडातल्या भेगा यांतून ते पाझरत येतं, आणि एका रात्रीत जे पाझरेल तेवढंच सकाळी उपसायला मिळतं. म्हणून शेतातली विहीर ऐसपैस करावी लागते. भिंत जितकी मोठी तितके जास्त झरे उघडे पडतात आणि पोट जितकं मोठं तितका रात्रभरचा साठा जास्त. ही विहीर बैलांची होती. काठावर मोटवण, तिथून उतरती धाव, मोट, म्हणजे बैलांनी ओढायची कातड्याची मोठी पिशवी, ओतली जायची ते थारोळं, थारोळ्यातून निघणारा पाट. मोटेला दोन दोर असत. जाड नाडा मोटेचं वजन उचलायचा आणि बारीक सोंदूर तिची सोंड सांभाळायचा. हे सगळे शब्द विहिरीच्या गोतावळ्यातले. आडाचा गोतावळा त्या मानानं लहान: रहाट, दोर, पोहरा, गळ. घरगुती माणसाचा असतो तेवढाच.

अर्थात गावोगाव हा भेद काटेकोर पाळत असत असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या विहिरी होत्याच, आणि काही भागांत घरच्या आडालाही विहीर म्हणत. कोकणात उतरलं की आड हा शब्दच मागे राहतो. मालवणीत बाव, गोव्याच्या कोंकणीत बांय. ती मंडळी संस्कृतातल्या ‘वापी’ची वंशज, गुजरातेतल्या वावेची बहीण. वापी म्हटली की पायऱ्यांची, हे वाव अजून पाळते. कोकणातली बाव बहुधा पायऱ्यांविना, आडासारखीच खोल नि गोल. शब्द कुठल्या वस्तूवर जाऊन बसेल याचा नेम नसतो. देशावर मात्र आड घराचा आणि विहीर शेताची ही वाटणी बऱ्यापैकी टिकून होती. आणि त्यात व्याकरणानं केलेली एक गंमत मला नेहमी जाणवते. ‘तो’ आड दिवसभर बायांच्या हाती असायचा आणि ‘ती’ विहीर पुरुषांच्या आणि बैलांच्या.

आता या ‘तो’चं मूळ.

बाराव्या शतकात पाटणला, सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयानं, हेमचंद्र या जैन आचार्यांनी मोठं व्याकरण लिहिलं. त्याचा आठवा अध्याय प्राकृतांचा. त्यात एक लांबलचक सूत्र आहे: ‘यावत्तावज्जीवितावर्तमानावटप्रावारकदेवकुलैवमेवे वः’. श्वास घेऊन फोड केली तर अर्थ सोपा आहे. यावत्, तावत्, जीवित, आवर्तमान, अवट, प्रावारक, देवकुल, एवमेव, एवढ्या शब्दांतला मधला ‘व’ विकल्पानं गळतो. म्हणजे लोक तो म्हणतात किंवा खाऊन टाकतात. अवटचं ‘अवडो’ होतं किंवा ‘अडो’. देवकुलाचं ‘देउलं’ होतं.

हे देउल म्हणजे आपलं देऊळ. आणि अड म्हणजे आपला आड, आरंभीचा ‘अ’ लांबवून. गावातलं देऊळ आणि देवळामागचा आड, दोघांचा व एकाच सूत्रात गळाला. हेमचंद्रांनी ही नावं शेजारीशेजारी ठेवली ती केवळ नियम एक म्हणून, पण मला ते सूत्र वाचताना गावाचा नकाशाच दिसतो. सूत्र हे काही फर्मान नव्हतं. लोक आधीच तसं बोलत होते, त्यांनी नोंद केली. शेंदता शेंदता धापा टाकणाऱ्या माणसाला मधला व परवडतही नसेल, असं आपलं मला वाटतं. व्युत्पत्तिशास्त्र याला मान डोलावणार नाही.

अवटच्या मागे गेलं की गोष्ट आणखी रंगते. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या संस्कृत शब्दकोशात, विहिरीसाठी वेगळी ओळ आहे. अंधु, प्रहि, कूप, उदपान ही तिची नावं. अवट त्यांत नाही. तो सापडतो पाताळवर्गात: ‘गर्तावटौ भुवि श्वभ्रे’. जमिनीतलं भगदाड म्हणजे गर्त किंवा अवट. निव्वळ खड्डा. यज्ञात यूप, म्हणजे यज्ञाचा खांब, रोवायला जो खड्डा खणत, त्यालाही अवटच म्हणत. त्याच्या पाण्याचा अमरकोशात मागमूस नाही.

पण त्याच्याही आधी पाणी होतं. ऋग्वेदात हा शब्द ‘अवत’ असा येतो, ट ऐवजी त घेऊन, आणि तिथं तो चक्क विहीर आहे, अगदी साधनसामग्रीसकट. दहाव्या मंडलातल्या एकशेएकाव्या सूक्तात कवी सोबत्यांना कामाला लावतो आहे: डोणी तयार करा, दोर बांधा, न आटणारा पाण्यानं भरलेला अवत आपण उपसू या. ‘सुवरत्र’ हे त्याचं विशेषण, चांगल्या दोराचा. पुढच्या ऋचेत ‘द्रोणाहावमवतमश्मचक्रम्’ असं येतं. लाकडी डोणीचा, दगडी चाकाचा अवत. सूक्त सोमयागाचं आहे, विहीर हे रूपक आहे, हे खरं. पण रूपक ज्याचं घ्यायचं ते कवीनं रोज पाहिलेलं असावं लागतं. दोर, चाक, डोणी: आजोळच्या आडाशी जे होतं त्यातलं बरंचसं इथं मांडून ठेवलेलं आहे. पोहऱ्यासाठी त्याच ऋचेतला ‘कोश’ धरा.

निघंटु या वैदिक शब्दांच्या यादीत विहिरीची चौदा नावं दिली आहेत. कूप, कर्त, काट, खात, अवत, क्रिवि, उत्स, केवट वगैरे. चौदांपैकी कूप तेवढा पुढे मोठ्या मानानं जगला. ‘अवत’चं स्पष्टीकरण या यादीचा भाष्यकार यास्क यानं ‘खाली गेलेला’ असं केलं, ‘अव’ म्हणजे खाली यावरून. त्यात कल्पकता फार नाही, पण विहिरीबद्दल याहून वेगळं काय सांगणार?

म्हणजे वेदात विहीर, कोशात कोरडा खड्डा आणि प्राकृतातून मराठीत पुन्हा विहीर. मला यातून एवढंच दिसतं की पंडितांच्या संस्कृतात कूप प्रतिष्ठित झाला आणि अवटाकडे उरलं ते भगदाड. परसात रोज पोहरा सोडणाऱ्यांनी मात्र त्याचा पाण्याचा अर्थ सोडला नाही. त्यांच्याजवळ कोश नव्हता, आड होता.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली गोतमाची कथा इथं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गोतम तहानेनं व्याकूळ झाला होता. मरुतांनी, म्हणजे वादळवाऱ्याच्या देवांनी, काय केलं? त्यांनी त्याला विहिरीपाशी नेलं नाही, विहीरच उचलली. ‘ऊर्ध्वं नुनुद्रेऽवतम्’, आपल्या बळानं त्यांनी अवत वर ढकलला, तिरका करून त्याच्या दिशेला नेला आणि तहानलेल्या गोतमासाठी झरा ओतला. त्याच कुळातल्या गौतमाची त्र्यंबकची गोष्ट आपल्याला पाठ असते, गाईची आणि गोदावरीची. तिच्यात पाप आहे, प्रायश्चित्त आहे, शंकराच्या जटा आहेत. या जुन्या गोष्टीत फक्त एक तहानलेला माणूस आहे आणि त्याच्याकडे चालत आलेला आड. आपल्याकडे सरकारी कागदावरून विहीर चोरीला गेल्याच्या गोष्टी चवीनं सांगतात. विहीर उचलून दारी आणून दिल्याची ही एकच मला ठाऊक आहे.

गेल्या काही वर्षांत बारवांना, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींना, चांगले दिवस आले आहेत, आणि ते योग्यच आहे. गावोगावची तरुण मंडळी गाळ काढतात, झाडोरा तोडतात, महाशिवरात्रीला पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लावून छायाचित्रं काढतात. बारव दिसतेच तशी देखणी. कोनाडे, देवळ्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या पायऱ्या. आडाचं छायाचित्र कसं काढणार? कठडा आणि आत काळोख. पण म्हणून आड म्हणजे गरिबाची बारव, असं जे सहज बोललं जातं ते मला पटत नाही. पायऱ्या नसणं हीच त्याची मोठी सोय होती, आणि तिची किंमत नारू ज्यांनी पाहिला त्यांना विचारावी.

नारू म्हणजे पायातून निघणारा कृमी. सुतासारखा बारीक, वाढला की हातभराहूनही बराच लांब. पाण्यातल्या सूक्ष्म जलकीटकांत, सायक्लॉप्समध्ये, त्याच्या अळ्या असतात. ते पाणी प्यायलं की वर्षभरानं माणसाच्या पायाला फोड येतो, आग होते, आणि माणूस पाय गार पाण्यात बुडवतो. पाणी लागताच कृमी हजारो अळ्या सोडतो. त्या पुन्हा सायक्लॉप्सच्या पोटात जातात, आणि फेरा पुरा होतो. हा फेरा पूर्ण व्हायला माणसाचा पाय आणि पिण्याचं पाणी यांची भेट व्हावी लागते. बारवेत ती पायरीपायरीवर होते. आडात होत नाही, तिथं फक्त पोहरा उतरतो. भारतात नारूनिर्मूलनाचा कार्यक्रम ऐंशीच्या दशकात जोरात सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होतं. त्या कार्यक्रमातलं एक मुख्य काम म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद करून, कठडे बांधून, त्यांना दोरानं शेंदायच्या विहिरी करणं. थोडक्यात, बारवांचे आड करणं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. आज बारवेच्या शेवटच्या पायरीवर पाणी हातात घेताना आपल्याला भीती वाटत नाही, त्यामागे ही मेहनत आहे. पणत्या लावणाऱ्यांनी एखादी त्या आरोग्यसेवकांच्या नावानं लावायला हरकत नाही.

आडाचा कैवार घेताना त्याची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. दोर एक, पोहरा एक, काठ अरुंद. म्हणजे दोर कुणाच्या हातात, हाच सगळा प्रश्न. नदीला काठ फार असतात, आडाला एकच. बाटायचा तो पोहरा, विटाळायचा तो कठडा. ज्यांना दोराला हात लावायची बंदी होती ते घागर घेऊन लांब बसून राहत, आणि काठावरच्या कुणाला दया आली तर वरून धार धरली जाई, भांड्याला भांडं न लागेल अशी. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही आपली दुसरी म्हण. मुलाला गणित येत नसलं की बापाकडे बघून म्हणायची. बुद्धीच्या बाबतीत ती चालेल कदाचित. पाण्याच्या बाबतीत ती कितीतरी घरांना लागू नव्हती. तिथं आडात होतं, भरपूर होतं, फक्त त्यांच्या पोहऱ्यात येत नव्हतं.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा पुण्यात ते केवढं मोठं पाऊल होतं हे आडाच्या या भूगोलावरून कळतं. सार्वजनिक जागी दिवा लावणं सोपं, परसदार उघडणं अवघड. आणि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडला गेले ते चवदार तळ्यावर, जिथं ओंजळ भरायला दोर लागत नाही. तळं कागदोपत्री आधीच खुलं झालेलं होतं. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्येच संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेनंही तो मान्य केला होता. ओंजळ मात्र त्या दिवशी भरली गेली. त्यावरचा खटला उच्च न्यायालयात संपायला १९३७ साल उजाडलं.

आड गेले ते मात्र समतेमुळे नाही. ते गेले नळामुळे आणि हापशामुळे.

हापशाची कथा आपल्या घरची आहे, तरी ती फारशी सांगितली जात नाही. पूर्वी जे ओतीव लोखंडाचे हातपंप येत ते मुळात परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. अख्ख्या गावानं दिवसभर दांडा हलवला की काही आठवड्यांत मोडून पडत. साठच्या दशकात जालना आणि सोलापूर इथं, बोअर घेणाऱ्या संस्थांच्या आवारात, पोलादाचे दणकट पंप तयार झाले. त्यांची नावंच पडली जालना पंप आणि सोलापूर पंप. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्यानं सोलापूर पंपाच्या धर्तीवर ‘इंडिया मार्क टू’ घडला, आणि तो पुढे देशभर आणि आफ्रिकेतही गेला. त्याच सुमारास बहात्तरचा दुष्काळ पडला. जमिनीतलं पाणी शोधायला राज्यानं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली ती १९७२ चीच. गावोगाव बोअरच्या गाड्या आल्या. वीतभर तोंडाची कूपनलिका शे-दोनशे फूट खाली जाऊ लागली, आणि तिच्यावर हापसा बसला. त्याला जात विचारणारा कठडा नव्हता, पोहरा बाटायची भानगड नव्हती, नारू नव्हता. सुरुवातीला तो कुठल्या वस्तीत बसवायचा यावरून जे व्हायचं ते झालंच, पण ते वेगळं प्रकरण. मामी सांगायची, हापसा आला त्या वर्षी हातांचे घट्टे गेले आणि खांदे दुखायला लागले.

कूपनलिकांनी खालचं पाणी ओढायला सुरुवात केल्यावर मुरमाच्या थरात तगून असलेले आड आधी उन्हाळ्यात आणि मग हिवाळ्यातच तळ दाखवू लागले. वापर थांबला की गाळ काढणं थांबतं, गाळ साचला की झरे बुजतात. मग कुणीतरी निर्माल्य टाकतं. त्यानंतर आडाचं मरण फार लांब नसतं.

पुण्यात हे आधीच झालं होतं. पेठांतल्या वाड्यांना नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं येत होतं, दगडी बांधकामातून, जागोजागी हवेसाठी ठेवलेल्या उच्छ्वासांतून श्वास घेत. वाड्यात हौद कात्रजचा आणि आड स्वतःचा, अशी दुहेरी सोय असे. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं, पुढे नळ घराघरांत आले आणि आडांवर लोखंडी जाळ्या पडल्या. मग आली १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खडकवासला फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. आणि पूर ओसरल्यावर, इतकं पाणी येऊन गेलेल्या शहराच्या नळाला पाणी नव्हतं. तेव्हा जाळ्या उचलल्या गेल्या. वाड्यावाड्यांतले जुने आड उपसले, पोहरे शोधून काढले, कात्रजचे हौद पुन्हा भरले. त्या काळाबद्दल जुनी माणसं बोलतात तेव्हा पुराच्या लोंढ्याइतकंच आडावरच्या रांगेबद्दल बोलतात. कुणाच्या आडाला गोडं पाणी होतं, कुणाच्या मचूळ, कोणत्या घरानं रात्रीही दिंडीदरवाजा उघडा ठेवला आणि कोणत्या घरानं नाही.

ते वाडे आता एकेक करून पडत आहेत. माझ्या ओळखीच्या एका वाड्याच्या पुनर्बांधणीत मागच्या अंगणात आड निघाला, चिरेबंदी, वर फरशी घातलेला. फरशी सरकवली तर खाली पाणी होतं, आणि भर मे महिना होता. दोन दिवस सगळे भाडेकरू येऊन डोकावून गेले. एका आजोबांनी खडा टाकून आवाज ऐकला. तिसऱ्या दिवशी वाड्याच्याच राडारोड्यानं तो भरून टाकला, कारण तिथं वाहनतळाचा खांब यायचा होता. पुढे नकाशा मंजूर करायचा तर पर्जन्यजल संधारणाची सोय दाखवावी लागते. म्हणून त्याच अंगणात, बुजवलेल्या आडापासून चार पावलांवर, एक नवा खड्डा खणला, खडी-वाळू भरली आणि गच्चीवरच्या पन्हळीचा पाईप त्यात सोडला. नकाशात त्याच्यापुढे ‘रिचार्ज पिट’ असं लिहिलं आहे. अमरसिंहानं त्याला अवट म्हटलं असतं. आड म्हणता येणार नाही, त्यातून काही शेंदता येत नाही.